कॅमेरा नंबर तीन आणि बारा हजारांची फी

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
नवीन वही. वर मुद्दाम 'गॅसची शेगडी : वापर आणि निगा' असं लिहिलंय, म्हणजे घरात कुणी उघडणार नाही. शेगडीचं खरं पुस्तकही आजवर कुणी उघडलेलं नाही.

विषय एकच, मेव्हण्याचं कार्ड. काल जेवायला आला आणि पाकिटातून काढून टेबलावर असं टाकलं की टण्णकन आवाज झाला. धातूचं आहे म्हणे. चार्ज कार्ड. सगळा खर्च त्याच्यावर करायचा, महिन्याअखेरीला बिल एकरकमी भरायचं, पॉइंट साठवायचे आणि पॉइंटांवर विमानात बसायचं. वर्षाला फी बारा हजार. पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला तर स्वागताचे एवढे पॉइंट देतात की दोन माणसांची जाण्यायेण्याची तिकिटं निघतात. शिवाय एअरपोर्टवर लाउंजमध्ये सँडविच फुकट.

बारा हजार घेऊन फुकट सँडविच! मी हसलो. ही हसली नाही. म्हणाली, वीस जूनला नात वर्षाची होईल, आपण तिला अजून हातसुद्धा लावलेला नाही.

मुद्दा बरोबर आहे. लेक राहते विमानाने सात तासांवर, आणि तिकिटांचे भाव ऐकले की माझी दाढ ठणकते. म्हणून जाहीर केलं की कार्डाचा संपूर्ण अभ्यास करून मार्चअखेर निर्णय देईन. ही बरं म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास आहे.

३ मार्च, मंगळवार. दुपारी, ड्यूटीवर
हा अभ्यास माझ्याशिवाय कोण करणार? एकोणीस वर्षं या स्टोअरच्या सिक्युरिटी रूममध्ये सोळा कॅमेऱ्यांसमोर बसतोय. माणूस साबणाचा वास घेत असला तरी त्याच्या मनात काय चाललंय ते मला त्याच्या खांद्यांवरून कळतं. (आज पकडलेला निर्दोष निघाला. पण खांदे चोराचेच होते.)

त्या कार्डाचा स्टॉल आमच्याच दारात आहे, ट्रॉल्यांच्या शेजारी. कार्डवाल्या बाई चाळिशीच्या. कॅमेरा नंबर तीन. आजपासून पाळत.

७ मार्च, शनिवार
पाळतीचा पाचवा दिवस. बाई दिवसाला चाळीसेक जणांशी बोलतात, सगळ्यांशी हसून. एवढं हसायला झालंय काय? डबा खाताना मात्र हसत नाहीत. म्हणजे हसणं नकली. पाणी कुठेतरी मुरतंय.

३.१५. बाईंनी थेट कॅमेऱ्याकडे बघून मला हात हलवला! दारावरच्या वॉचमननेच सांगितलं असणार. आता त्याच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

८ मार्च, रविवार
लेकीचा व्हिडिओ कॉल. माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर काळी टेप असते. दिवसभर दुसऱ्यांना कॅमेऱ्यात बघणाऱ्या माणसाला कॅमेरा काय चीज आहे ते ठाऊक असतं. लेक दर वेळी म्हणते, बाबा, काढा ना ती टेप, तिला तुमचा चेहरा बघू दे. मी म्हणतो, आवाज पुरे. आणि पुरतोच की! नात त्या काळ्या चौकोनाकडे बघून आबा आबा करते, टाळ्या वाजवते. हुशार आहे. माझ्यावर गेलीय.

११ मार्च, बुधवार
अटी आणि नियम, बेचाळीस पानं. बारकाईने वाचायला घेतली. पान तीन : 'बँकेला योग्य वाटेल तेव्हा'. बंद केली. बँकेला योग्य वाटेल तेव्हा आपलं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

शिवाय म्हणे खर्चाला आधी ठरवलेली मर्यादा नाही. ज्याला मर्यादा नाही त्याचा भरवसा नाही, मग तो माणूस असो की कार्ड.

फी वसूल व्हायची तर लाउंजमध्ये चाळीस सँडविचं खावी लागतील. वीस जाताना, वीस येताना. मला ओढूनताणून आठ जमतील, हिला दोन. तोटा.

१९ मार्च, गुरुवार. ११.५०
थरार! ११.२० ला कॅमेरा नंबर तीनवर कोण? ही! खुर्ची ओढून कार्डवाल्या बाईंसमोर बसली. तब्बल बावीस मिनिटं. बाई कागद पुढे सरकवतात, ही चष्मा लावून वाचते, बोट ठेवून प्रश्न विचारते. शेवटी बाईंचं पेन मागून घेतलं आणि तीन ठिकाणी काहीतरी लिहिलं. माझ्यासाठी नोट्स काढत असणार. शाब्बास! लग्नाला तीस वर्षं होतील, आता कुठे माझ्या तालमीत तयार झाली.

रात्री ९. घरी मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. असं काम गुपचूपच करायचं असतं.

३१ मार्च, मंगळवार
निर्णयाची तारीख. निर्णय असा की निर्णय एप्रिलअखेर. उतावळेपणाने घात होतो. हिला तसं सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

३ एप्रिल, शुक्रवार
हिने माझ्या हातात एक नवीन कार्ड ठेवलं. म्हणाली, घरचं सामान आता यावरून आणा, पिन पाठ करा, आणि कार्ड कोणतं आहे ते एकदा नीट बघून घ्या. गालातल्या गालात हसत होती.

बघायचंय काय त्यात? पाकिटातून काढून तिथल्या तिथे दोन्ही बाजूंना काळी टेप मारली. तीन थर. नाव नाही, नंबर नाही, बँक नाही, चिप तेवढी उघडी. रस्त्यात पडलं तरी उचलणाऱ्याला पत्ता लागणार नाही. हिचा चेहरा जरा पडला. बायकांना सुरक्षेचं महत्त्व पटायला वेळ लागतो.

कार्ड जड वाटतं. टेपमुळे असेल.

१६ एप्रिल, गुरुवार
दाढ अखेर गेली. शेजारचीही धोक्यात. दाताच्या डॉक्टरांनी ब्रिज बसवायचं ठरवलं. बिल बघून भूल उतरली. टेपवालं कार्ड दिलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कोणत्या बँकेचं? मी म्हटलं, तुम्हाला कशाला चौकशी?

घाबरत घाबरत हिला आकडा सांगितला. आता आकाशपाताळ एक करेल असं वाटलं. तर ही चक्क खूश! म्हणाली, दुसऱ्या बाजूच्याही दाखवून घ्या ना. हिचं आणि डॉक्टरांचं काही कमिशन वगैरे? छे. तरी नोंद करून ठेवतो.

३० एप्रिल, गुरुवार
निर्णय मेमध्ये. नवीन माहिती येत आहे.

हिने माळ्यावरून दोन सुटकेसा काढून पुसल्या. धूळ बसली होती, म्हणाली. माझा पासपोर्ट मागितला. कशाला? बघायला. लपवलेल्या जागेवरून आणून दिला. सही घेऊनच दिला.

१२ मे, मंगळवार
अंतिम निर्णय. जेवताना उभा राहून वाचून दाखवला. कार्ड परवडत नाही. घेऊ नये. एका पत्र्याच्या तुकड्यासाठी बारा हजार भरणारं माणूस माझ्या ओळखीत निघालं तर मी स्वतः हार घालून सत्कार करीन, असंही म्हणालो. हिला ठसका लागला. मग कितीतरी वेळ हसत बसली. माझे विनोद तिला क्वचितच कळतात.

नातीचं पुढच्या वर्षी बघू म्हणालो. पहिला वाढदिवस कुणाला आठवतो? ही म्हणाली, बघू या की.

२२ मे, शुक्रवार
१.०५. बँकेचा मेसेज. 'आपल्या कार्डावरील सर्व पॉइंट वापरून दोन विमान तिकिटे काढली जात आहेत. ही मागणी आपली नसल्यास NO असे उत्तर पाठवा.'

१.०६. माझं कार्ड? माझ्याकडे कुठलं आलंय ते कार्ड! म्हणजे माझ्या नावावर कुण्या भामट्याने कार्ड काढलं, मनसोक्त खर्च केला आणि आता जोडीने विमानात बसायला निघाला!

१.०८. मेसेजच खोटा नाही ना, म्हणून नंबर पडताळला. खरा बँकेचा.

१.०९. NO.

१.१०. पुन्हा NO. खात्रीसाठी.

१.२०. बँकेला फोन लावून कार्डच बंद करायला लावलं. तिथल्या बाई म्हणाल्या, सर, एकदा घरी विचारून बघता का? मी म्हटलं, मॅडम, एकोणीस वर्षं मी हेच काम करतोय.

२.३०. वॉचमन, मॅनेजर, बिलिंगची सगळी मंडळी, सर्वांना हकिकत सांगितली. टाळ्या. मॅनेजरने चहा पाजला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. कार्डवाल्या बाईंनाही दोन शब्द ऐकवून आलो. नंतर बघितलं तर कॅमेरा तीनवर बाई डोक्याला हात लावून बसलेल्या. चोराच्या मनात चांदणं!

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
घरी कौतुक होईल म्हणून दोन जिने धावत चढलो.

टेबलावर दोन पासपोर्ट. हिच्या कानाला फोन, बँकेचं संगीत बाहेरपर्यंत ऐकू येतंय. मला बघून म्हणाली, पाकीट काढा. काढलं. कार्ड काढा. काढलं. टेप सोला. सोलायला वेळ लागला. खाली धातू. मेव्हण्याच्या कार्डासारखंच. तळाला माझं नाव.

कार्ड हिचं. १९ मार्चला त्या नोट्स नव्हत्या, सह्या होत्या. माझं कार्ड तिच्याच कार्डाला जोडलेलं. मोठं काही असलं की मेसेज दोघांना जातो आणि एकाने जरी NO म्हटलं तरी सगळं थांबतं. बारा हजार हिने शिवणाच्या पैशांतून भरले. किराणा, वीज, माझ्या दोन दाढा, सगळं मिळून खर्चाची अट पुरी केली. दोन तिकिटं. सोळा जूनचं विमान.

ही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, तिकिटं हातात दिल्यावर तुमचा चेहरा बघायचा होता, म्हणून बोलले नाही.

मेव्हण्याचा फोन आला. दाजी, काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणाला. मी फोन ठेवून दिला. जेवलो नाही. ब्रिज दुखत होता.

२ जून, मंगळवार
कार्ड पुन्हा सुरू झालं, पॉइंट परत आले. पण तोवर तिकिटं चढली. होते नव्हते तेवढ्या पॉइंटांत एकच तिकीट बसतं. दुसरं रोख घ्यायचं तर उरलेल्या दाढाही विकाव्या लागतील.

मी मोठ्या मनाने म्हणालो, तू जा. ही तेव्हा एक सुटकेस भरतच होती. तरी मी मोठ्या मनाने म्हणालो होतो याची नोंद असावी.

अभ्यासाचा सुधारित निष्कर्ष : कार्ड परवडतं. मी परवडत नाही.

१६ जून, मंगळवार
एअरपोर्टवर सोडायला गेलो. दारापाशी हिने माझी कॉलर नीट केली. फ्रिजमध्ये काय काय ठेवलंय ते दोनदा सांगितलं. आत गेली, वळून बघितलं, पुन्हा गेली.

अर्ध्या तासाने लाउंजमधून फोन. सँडविच कोरडं आहे म्हणाली. मी म्हटलं, चाळीस खा, फी वसूल होते. हसली. बावीस मेनंतर पहिल्यांदाच.

घर फार मोठं वाटतंय. दारं-खिडक्या तीनदा तपासल्या. चोरून न्यायलाही आता घरात काही उरलेलं नाही असं उगाचच वाटलं.

२० जून, शनिवार. संध्याकाळी
वाढदिवस. कार्डवाल्या बाईंची सकाळी माफी मागितली. त्यांनी नातीला शुभेच्छा दिल्या आणि विमानाचं चित्र असलेला फुगा दिला. फुग्यात संशय घेण्यासारखं काही आढळलं नाही.

चार वाजता अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला. केस विंचरले. फोनवरची टेप सोलली. कोपऱ्यात गोंद राहिला होता, तो नखाने खरवडला. ठरवलं होतं, आज नातीला आबा दाखवायचाच.

साडेचारला कॉल. हिच्या मांडीवर नात. मी अगदी जवळ घेऊन बघत होतो फोन. किती मोठी झालीय! ही तिला सांगत होती, अगं, ते बघ कोण, आबा! मी हात हलवला. फुगाही हलवला.

नातीने माझ्याकडे बघितलं. ओठ काढले. आणि जी रडायला लागली ती थांबेचना. हिने खांद्यावर घेतलं, लेकीने खुळखुळा वाजवला, काही नाही. मग लेक जरा चाचरत म्हणाली की बाबा, वाईट वाटून घेऊ नका, ती बंद टीव्ही दिसला की त्याला आबा म्हणते. काळं आणि चौकोनी काही दिसलं की तिला तुम्हीच वाटता.

बंद टीव्ही त्यांच्या भिंतीवर होताच. नात रडत रडत त्याच्याकडे हात करत होती, आबा, आबा.

मी टेप परत लावायला गेलो. चिकटेना. गोंद संपला होता. दुसरी शोधेपर्यंत तिचं रडणं बघवलं नसतं. शेवटी कॅमेऱ्यावर अंगठा धरला.

रडणं थांबलं. नातीने नाक वर ओढलं. आबा म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या. मीही इकडून तिच्याशी बोलत राहिलो, अंगठा दुखेपर्यंत.