पुढच्याचा हात

आस्सो, गुरुवार, १७ नोव्हेंबर १९९४

प्रिय एजिदिओ,

तुझं बरं चाललं असेल, गुडघा थंडीने कुरकुरत असेल आणि तू डॉक्टरकडे जायचं सोडून त्यावर ग्राप्पाची दारू चोळत असशील, असं धरून चालतो. पोस्टमन पत्रं तुझ्याच हातात देतो आणि पाकीट तू स्वतः फोडतोस, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी एक काम कर. आतले कागद मोज. चार आहेत. मुद्दाम जाड घेतलेत, एकाच बाजूने लिहिलेत. पहिल्याचा एक कोपरा दुमडलाय, दुसऱ्याचे दोन, असे चौथ्यापर्यंत. निवेसने वाचून दाखवलेला प्रत्येक कागद तिच्याकडून परत घे आणि मांडीवर ठेव.

निवेस, तुलाही नमस्कार. खिडकीपाशी उजेडात बस. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे तू लग्नाच्या आधीपासून म्हणत आली आहेस.

आता गावच्या बातम्या. कार्लेत्तो न्हाव्याने नवी सायकल घेतली. सायकल नऊ किलोची आणि पोट तिच्या दुप्पट. बारमध्ये ऑर्नेला त्याला म्हणाली, "अरे, एवढा खर्च करण्यापेक्षा मक्याचा पोलेंटा कमी खाल्ला असतास, तर तेवढंच वजन फुकटात उतरलं असतं." तो म्हणाला, "बाई, पोलेंटाच मला चढावर ढकलतो." "ढकलतो कसला, खाली खेचतो!" सगळे हसले. मीही हसलो. आपल्या सायकल मंडळाचं डिसेंबरचं जेवण नेहमीच्याच ठिकाणी आहे, तेच वाळवलेले मासे आणि तेच शिळे विनोद. सेग्रीनोच्या तळ्यावर आठवडाभर धुकं बसलंय. आणि वाल्ब्रोनाहून ओन्नोला उतरणारा रस्ता नव्याने डांबरी केलाय, पार खाली सरोवरापर्यंत. मी परवा मुद्दाम जाऊन पाहिला. एकही खड्डा राहिलेला नाही.

माझ्या धरलेल्या पाठीचं विचारशील. पाठ ठणठणीत आहे. पाठीला कधीच काही झालं नव्हतं. निवेस, अडखळू नकोस, पुढे वाच.

एजिदिओ, गेल्या रविवारी मी तुम्हाला पाहिलं. सेग्रीनोच्या काठाने दोन सीटची सायकल येत होती, आपली, हिरवी. पुढे कार्लेत्तो घामाघूम, मागे तू. तू हसत होतास. मी चिनाराच्या आड उभा राहिलो, अगदी चोरासारखा. तो तुला काही सांगत नव्हता. पुलाच्या सांध्यावर सायकल दणकली तेव्हाही त्याने "धक्का!" म्हणून ओरडायचे कष्ट घेतले नाहीत. तू सीटवरून उडालास आणि तरी हसलास. माझ्या पोटात दुखलं. अगदी जुनं, ओळखीचं दुखणं. ते कधीपासूनचं, हे या पत्रात येईलच.

अकरा वर्षं मी तुला गाड्यांचा आवाज नसलेले रस्ते शोधून दिले. रेल्वेच्या बाजूची गल्ली, लाकडाच्या गिरणीमागची पायवाटेएवढी सडक, पुसियानोच्या तळ्याकाठची बोरूच्या बेटांतली वाट. मी बोलत राहायचो: डावं वळण, चढ, गिअर हलका कर, समोरून बाई कुत्रं घेऊन येतेय. तू चुका काढायचास. "फेर्मो, गिरणी अजून आली नाही, खोटं बोलतोस. वास कुठे आहे?" आणि खरंच पुढच्या वळणावर भुशाचा वास यायचा. माझं लग्न झालं नाही, भावंडं राहिली नाहीत. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणजे ते रविवार. हे मी तोंडाने कधी म्हटलं नसतं.

त्या अकरा वर्षांत निवेसने मला एकदाही घरात बसवलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? कॉफी फाटकापाशी, पत्र्याच्या मगमध्ये, बिनसाखरेची. मी तीन चमचे घेतो हे तिला माहीत होतं. तू म्हणायचास, "तुझे चिखलाचे बूट तिला चालत नाहीत रे." मी म्हणायचो, हो, बूट.

दुसरा कागद संपला, निवेस. त्याच्या हातात दे.

सप्टेंबरमध्ये तू हट्ट धरलास. "ओन्नोच्या उतारावर चल. अकरा वर्षं तू मला त्या रस्त्याने नेलं नाहीस. दरवेळी म्हणतोस रस्ता फुटलाय. एवढा फुटलाय तर लोक घरी कसे जातात?" मला नाही म्हणता आलं नाही. तिसऱ्या वळणावर तू पाठीवर दोनदा थोपटलंस, म्हणजे थांब. आपण उतरलो. तू कठड्यावर हात ठेवून उभा राहिलास, तोंड बरोब्बर पाण्याकडे.

"इथेच ना रे?"

"इथेच."

"लेका, तू हात दाखवलाच असशील. तू कधी चुकायचा नाहीस. मीच मेला सरोवराकडे बघत राहिलो. अकरा वर्षं त्या पाण्याला शिव्या घालतोय. पण शेवटचं बघितलं ते तेच, म्हणून फार घालताही येत नाहीत."

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. तू काही विचारलं नव्हतंस. पण मी म्हणालो, "दाखवला होता."

"माहितीये," तू म्हणालास, आणि माझा खांदा दाबलास.

एजिदिओ, मी हात दाखवला नव्हता.

मंडळात नव्या माणसाला पहिला धडा तूच द्यायचास. खड्डा दिसला की पुढच्याने त्या बाजूचा हात खाली सोडून बोट दाखवायचं. मागच्याला रस्ता दिसत नाही, समोरच्याची पाठ दिसते, म्हणून पुढच्याचा हात हेच मागच्याचे डोळे. हे तू इतक्यांकडून घोकून घेतलंस की बारमधला पोपटही म्हणाला असता.

आता अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातल्या त्या रविवारचं ऐक. आस्सोपासून वाल्ब्रोनापर्यंत सगळा चढ मी ओढला. समोरून वारा होता. तू माझ्या चाकाला चाक लावून मागे बसलास, वाऱ्याला तोंड द्यायला एकदाही पुढे आला नाहीस, आणि गावाची पाटी दिसल्यावर बाजूने सुसाट निघून गेलास. दर रविवारी तेच. आयत्या बिळावर नागोबा. मग बारमध्ये माझ्या पैशाची कॉफी पीत सगळ्यांना सांगायचं, "फेर्मो चांगला घोडा आहे, पण शर्यत स्वारच जिंकतो." सगळे हसायचे. मीही हसायचो. तुझा स्वभाव तसाच होता, तुझ्या मनात काही नसायचं. माझ्या मनात असायचं.

उतारावर मी पुढे होतो. तिसऱ्या वळणानंतर उजवीकडे खड्डा होता, तोंड धुवायच्या भांड्याएवढा. मला तो लांबून दिसला. भरपूर वेळ होता. मी त्याच्या डावीकडून वीतभर अंतराने गेलो आणि दोन्ही हात हँडलवर ठेवले. मनात आलं ते असं: टायर फुटेल. रस्त्यात बसून ट्यूब बदलेल. मी खाली ओन्नोला आधी पोचेन, कॉफी मागवेन, आणि तो काळ्या हातांनी येईल तेव्हा काहीतरी टोमणा मारीन. टोमणासुद्धा ठरवला होता. मला तुझी एक ट्यूब हवी होती, एजिदिओ. मग मागून आवाज आला. त्या वेळी हेल्मेट कोण घालत होतं? आपल्या डोक्यावर कापडी टोप्या होत्या. तुझे डोळे तिथेच गेले.

तिसरा कागद संपला. आता निवेसबद्दल.

तिसऱ्या दिवशी लेक्कोच्या हॉस्पिटलमध्ये, तुझ्या खोलीबाहेर, मी तिला हे सगळं सांगितलं. ती संत्रं सोलत होती. शांतपणे पूर्ण सोललं, मग म्हणाली, "आता दर रविवारी यायचं. पावसात यायचं, तापात यायचं, आईला पुरशील त्या दिवशीही यायचं. त्याला मित्र उरला पाहिजे. तुझ्यासारखा का असेना. आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही." दोन सीटची सायकल तिनेच शोधून आणली. तुला वाटलं माझी कल्पना. तू मला मिठी मारलीस आणि ती तुझ्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मी आईला पुरलं त्या रविवारीही आलो. तू म्हणालास, "अरे, आज कशाला आलास?" मी म्हणालो, मन रमेल.

सप्टेंबरनंतर मी फाटकाशी येऊन तिला म्हणालो, आता मला सांगायचंय. ती म्हणाली, "स्वतःच्या चुकीबरोबर जगायला तो शिकलाय. तुझ्या चुकीबरोबर त्याला जगता येणार नाही. तू तुझं ओझं हलकं करणार आणि ते उचलायचं कोणी? मी." आणि फाटक लावलं. त्यानंतर तुला तिच्याकडून माझी पाठ धरल्याची बातमी मिळाली आणि माझ्या जागी कार्लेत्तो.

तिचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नाही. खरं सांगायचं तर, तू कार्लेत्तोबरोबर हसला नसतास तर मी हे लिहिलंच नसतं. पश्चात्ताप वगैरे पाद्रीबाबांसाठी. मी तेव्हा तुझ्यावर जळलो आणि आता त्या न्हाव्यावर जळतो. मी सुधारलेलो नाही. पण तू अकरा वर्षं त्या पाण्याला शिव्या घातल्यास, त्या आता मला घाल. त्यांच्यावर हक्क माझा आहे.

रविवारी सकाळी आठ वाजता फाटकाबाहेर उभा राहीन. सायकल तुमच्याकडेच आहे. तू बाहेर येऊन थोबाडीत मारलीस तरी चालेल, मी गाल पुढे करीन, तुला चाचपडावं लागणार नाही. नाही आलास तर दहापर्यंत थांबेन. कॉफी नको.

निवेस, तू आधी सगळं मनात वाचतेस आणि मग त्याला ऐकवतेस, हे मला माहीत आहे. म्हणजे या घटकेला चौथा कागद तुझ्या हातात आहे, आणि तो समोर बसून विचारतोय, "काय लिहिलंय गं त्याने एवढं?" पाकीट फोडतानाच त्याच्या बोटांनी चार कागद मोजलेत. तू हवामान सांगू शकतेस, डिसेंबरचं जेवण लांबवू शकतेस. तुला जमेल. तो तुझ्यावर विश्वास ठेवेल, माझ्यावर ठेवायचा तसाच. फक्त एवढं ध्यानात घे की आता पुढच्या सीटवर तू आहेस, तो तुझ्या मागे आहे, आणि खड्डा तुला लांबून दिसलाय. भरपूर वेळ आहे.

अकरा वर्षं तुझ्या पुढे बसलेला,
फेर्मो