अँड्र्यू रीकी यांची शेड

मी, लिंबानी एबेनेझर रीकी, वय एकोणपन्नास, धंदा होड्या बांधणे, राहणार चिंबाले, जिल्हा मांगोची, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे लिहून ठेवतो. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी मला जड फळी उचलायला मनाई केली आहे. विचार करायला अजून मनाई नाही. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. बायको आणि बहीण महिनाभर माझ्याशी तुटक बोलतात, त्याला मी दडपण धरत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. श्वास देवाचा आहे, तो देवाकडे जाईल. त्याची व्यवस्था मला करायची नाही. बाकीची करतो.

एक. घर.
मी राहतो ते विटांचे घर मी बांधले, पण त्याखालची जमीन माझी पत्नी मेलिया हिच्या आईची. आमच्याकडे जमीन बायकांची, आणि पुरुष लग्न करून बायकोच्या अंगणात राहायला जातो. तेव्हा घर मेलियाचे आहेच. ‘मी ते तिला देतो’ असे लिहिले तर ती हसेल. मागच्या दाराच्या बिजागरीला तेल घालायचे माझ्याकडून राहून गेले आहे, एवढे मात्र तिला कळवतो.

दोन. बचत.
बँकेत जे असेल ते मेलियाचे. त्यातून तिला वाटले तर तिने मिशनच्या देवळाच्या छपराला पत्रे द्यावेत. पत्र्यावर माझे नाव रंगवू नये. पाऊस नाव वाचून थांबत नाही.

तीन. शेड.
हे लिहायला मी बसलो ते या कलमासाठी. सरोवरकाठची होड्या बांधायची शेड, तिच्यातले लाकूड आणि बांधायला घेतलेली होडी एकालाच मिळू शकते. शेड मधोमध कापून दोघांना वाटता येत नाही, कारण होडीला पूर्ण लांबी लागते. रिवाजाने मामाचा वारस भाचा, म्हणजे माझी बहीण जीन हिचा मुलगा वायसन. तो नऊ महिन्यांपूर्वी जोहान्सबर्गची नोकरी सुटून परत आला आहे. दुसरा माझा मुलगा आंद्रेया. तो शाळा सुटल्यापासून माझ्यासोबत त्या शेडीत आहे आणि त्याने वाकवलेली फळी पाहून मला माझे वडील आठवतात. सरकारी कायदा म्हणतो, मृत्युपत्र कर आणि हवे त्याला दे. रिवाज म्हणतो, भाच्याला दे. मला दोन्ही बाजू ऐकू येतात, आणि रात्री जरा जास्तच.

शेड माझ्याकडे कशी आली ते लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

माझे वडील अँड्र्यू रीकी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका मासेमारी गावातले. १९५३ साली मिशनची बोट दुरुस्त करायला दोन वर्षांसाठी आले. बोट दुरुस्त झाली, ते राहिले. माझी आई एस्नात तेव्हा बाजारात सुकी मासळी विकत असे. बाबांना त्या मासळीचा वास गावच्यासारखा वाटला, असे ते सांगत. आई म्हणे, “माझ्याकडे बघत होता आणि नाव मासळीचं सांगतो.”

जावई व्हायचे तर आधी सासूच्या शेतात एक हंगाम राबावे लागते. बाबा राबले. बांधावर आईचा थोरला भाऊ, आमचा चिसालेमामा, ऊस खात उभा असे.

“मेव्हण्या, ती कुदळ आहे, वल्हं नव्हे! पाणी लोटतोस तशी माती काय लोटतोस?”

“बहीण दे, मग शिकतो,” बाबा म्हणत.

“आमच्यात बहीण देत नाहीत रे. जावई घेतात. त्यालाच बघतोय, घेण्यासारखा आहे का.”

घेतला. पण मामाने टोमणा सोडला नाही. आमच्याकडे घरजावयाला कोंबडा म्हणतात. अंगणात फिरतो, आरवतो, पण पिल्ले कोंबडीची. बाबा मला किंवा जीनला रागावले की मामा कुंपणापलीकडून ओरडायचा, “ए कोंबड्या! पोरं माझी आहेत, जपून!” हे खरेच होते. रिवाजाने आम्ही मामाचे. शाळा, लग्न, दंड, सगळे मामाने ठरवायचे. बाबा मान हलवत आणि रंधा मारत राहत. मिशनच्या बंगल्यावरचे गोरे म्हणाले, “अँड्र्यू, तू स्वतःला फार खाली आणलंस.” बाबा म्हणाले, “होडीचं काम खालूनच सुरू होतं.”

जीनच्या जन्मानंतर आईला ताप भरला, तेव्हा बाबांनी स्वतः चुलीशी बसून न्सिमा शिजवला. मक्याच्या पिठाचा तो गोळा घोटणारा पुरुष बघायला अर्ध्या गावातल्या बायका आल्या. आजी म्हणाली, “गाठी भरपूर आहेत. कुणाला कमी पडू देऊ नका.” बाबांनी सगळ्यांना वाढले. आई उठेपर्यंत रोज शिजवला, आणि शेवटी गाठी गेल्या.

रविवारी त्यांनी कधी हातोडा उचलला नाही. त्यांच्या गावाकडे होडीत बसून डुकराचे किंवा पाळकाचे नाव घेणे अशुभ, आणि पाळक स्वतः होडीत बसला तर फारच वाईट. एकदा आमचे पाळक पलीकडच्या काठाला निघाले. अपशकुन टळावा म्हणून बाबा पूर्ण वाट लोखंडी खिळ्यावर बोट ठेवून गप्प बसले. पाळक उतरून म्हणाले, “रीकी काय खोल प्रार्थना करतात!” बाबांनी नाकारले नाही.

१९६४ साली इथे स्वातंत्र्य आल्यावर बरेच गोरे परत गेले. बाबांच्या घरच्यांनी जहाजाचे एकाचे भाडे भरले. बाबा आईला म्हणाले, “एस्नात, आपण चौघं आहोत. कोण जाणार, तू सांग.”

आई म्हणाली, “मला बाजार आहे. तुम्ही तिघं ठरवा.”

कुणी गेले नाही.

१९९२ साली बाबांना फुफ्फुसाचा आजार झाला. गावाला प्रश्न पडला: या माणसाची शेड कुणाची? त्यांना इथे बहीण नाही, म्हणून भाचा नाही, म्हणून वारस नाही. मी मुलगा, पण मुलाला कोण विचारतो? बाबांनी गावच्या मुखियाला आणि आम्हा सगळ्यांना शेडीत बोलावले. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बाबा म्हणाले, “शेड, हत्यारं, लाकूड, सगळं आजपासून चिसालेचं.”

मामाच्या हातातली विडी पडली. “मेव्हण्या, ताप चढलाय का तुला? तुझी पोरं खातील काय?”

“माझी पोरं? ती कुणाची आहेत, चिसाले?”

“माझी! साऱ्या गावाला विचार!”

“मग झालं तर,” बाबा म्हणाले.

कागद केला नाही, अट घातली नाही. गाव म्हणाले, गोऱ्याचे डोके उन्हाने गेले. जो जन्मभर कोंबडा म्हणाला त्यालाच जन्माची कमाई दिली. त्यानंतर बाबा दोन वर्षे जगले आणि जमेल तेव्हा शेडीत येत. फळी कापण्याआधी मामाला विचारत, “मालक, कापू?”

“पुन्हा मालक म्हणालास तर सरोवरात ढकलीन,” मामा म्हणायचा. पण त्या दोन वर्षांत त्याने ‘कोंबडा’ हा शब्द एकदाही काढला नाही.

बाबा गेले तेव्हा गावातल्या काहींनी रिवाज काढला की घरजावयाचे प्रेत त्याच्या स्वतःच्या गावी पोचवायचे असते. मामा उठला आणि म्हणाला, “पोचवतो. तो बघा त्याचा गाव,” आणि आमच्या आजीच्या शेजारी स्वतः पहिली कुदळ मारली.

मामाने शेड विकली असती तर कुणी अडवणारा नव्हता. विकली नाही. २००३ साली मामा वारला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या मुलांनी त्याची जाळी घेतली आणि म्हणाले, “शेड भाच्याची. आमचं आमच्या मामाकडे आहे.” मामाचा भाचा एकच, मी. तेव्हा मला समजले की बाबांनी शेड दान केली नव्हती. आमच्या गावच्या वाटेने तिला घरी पाठवले होते. वाटेत एक माणूस होता, त्याच्यावर विश्वास ठेवला होता, इतकेच.

चार. निर्णय.
मलाही ती वाट घेता आली असती. मेलियाचा भाऊ असता तर शेड त्याला दिली असती आणि ती फिरून आंद्रेयाकडे आली असती. पण मेलियाला भाऊ नाही. जीन म्हणते, “दादा, तू भाचा म्हणून घेतलीस. देताना बाप होऊ नकोस.” मेलिया म्हणते, “पोरानं आठ वर्षं भुसा गिळलाय, आणि वायसनला वल्हं धरता येत नाही.” दोघी खरे बोलतात. आंद्रेयाला मी विचारले. तो म्हणाला, “बाबा, मला विचारून तुम्हाला सोपं जाणार असेल तर विचारू नका.”

पुष्कळ प्रार्थनेनंतर लिहितो: शेड वायसनला, अटीशिवाय. ज्या रिवाजाने मला दिली, तो माझ्यापुरता वापरून मोडणे मला जमत नाही.

पाच. हत्यारे.
बाबांचा लाकूड तासायचा वाकस आणि फटींत कापूस ठासायची बोथट छिन्नी आंद्रेयाला. वाकसाचा दांडा इथल्या लाकडाचा आहे, पाते तिकडचे. दोन्ही झिजले आहेत, पण एकमेकांत घट्ट आहेत.

सहा. जुनी बाकी.
आमच्या चर्चमधले ज्येष्ठ पंच श्री. कासांबाला यांनी माझ्या वडिलांना ‘गावठी झालेला गोरा’ म्हणून देवळाच्या पंचांत बसू दिले नाही. मी त्यांना क्षमा केली आहे, तशी आज्ञा आहे. मात्र माझ्या मातीला त्यांनी भाषण करू नये. माती बाबांच्या शेजारी द्यावी.

सात. उरलेले.
वर न लिहिलेले, किंवा ज्याला दिले त्याला न पोचलेले, सर्व आंद्रेयाला. अशी ओळ घालावी लागते, असे माझे पहिले साक्षीदार म्सोसा गुरुजी म्हणाले.

आठ. आजच वाढवलेले.
वरील मजकूर आज मी शेडीत सर्वांना वाचून दाखवला. दुसरे साक्षीदार म्हणून मुखिया यायचे होते, ते एका मयताला गेले. गुरुजी म्हणाले, कुणाला तरी किनाऱ्यावरून बोलावू. तेवढ्यात वायसन पुढे आला.

“मी करतो सही.”

गुरुजी हसले. “तुला नाही चालत रे. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, असा कायदा आहे. सही केलीस की शेड गेली.”

“ठाऊक आहे, गुरुजी. बँकेतल्या कारकुनाला विचारून आलोय.”

जीन ओरडली, “मूर्खा! नऊ महिने तुला बसवून जेवायला घालतेय ते यासाठी?”

“जेवण चांगलं होतं, आई.”

“आणि पुढं काय करणार?” मी विचारले.

“ते मलाही ठाऊक नाही, मामा. होडीत बसलं की मला ओकारी येते, एवढं ठाऊक आहे.” मग तो हळू बोलला. “भाच्याला द्यायचं हे मामाचं काम. ते तुम्ही केलंत. आता घ्यायचं की नाही, ते माझं.”

आंद्रेया ऐकायला आत आला नव्हता; बाहेर त्याचा रंधा थांबला होता. किनाऱ्यावर जाळी सुकवणारे बरेच लोक होते. हाक मारली असती तर कुणीही साक्षीला आला असता. चौथे कलम मी खोडत नाही, ते जसेच्या तसे राहील; सातवेही. मी हाक मारली नाही. पेन त्याच्या हातात देतो.

ठिकाण: चिंबाले, सरोवरकाठची शेड
शनिवार, १३ ऑगस्ट २०११

लिंबानी एबेनेझर रीकी
(स्वतः लिहून, दोघांच्या समक्ष सही)

साक्षीदार पहिले: एलियास म्सोसा, निवृत्त शिक्षक

साक्षीदार दुसरे: वायसन, जीन रीकी यांचा मुलगा
(मजकूर ऐकून, परिणाम समजून)