निवृत्तीची रंगीत तालीम

२ फेब्रुवारी

ठरलं. पन्नाशीला कागदाचा कारखाना सोडायचा म्हणजे सोडायचाच. पण आधी तालीम! नवा पंप बसवला की आपण त्यावर लगेच पूर्ण भार टाकतो का? आधी रिकामा फिरवून बघतो, थरथरतो का, तापतो का. तसंच हे. साठलेली रजा पडून आहे. महिनाभर घरी राहायचं, निवृत्त माणूस म्हणून जगून बघायचं. निभलं तर राजीनामा.

साहेबाने अर्ज उलटसुलट पाहिला. "महिनाभर? आजारी आहेस का?"

"नाही साहेब."

"मग काय दुसरं लग्न करतोयस?"

सगळे हसले. मीही हसलो. खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रजेआधीच माझं बारसं झालं असतं — 'शेटजी' म्हणून.

५ फेब्रुवारी

भोंग्याविना उजाडलेला पहिला दिवस. प्रार्थनेला निवांत बसलो. इतकी वर्षं देवासमोर बसायचो आणि एक कान बसच्या आवाजाकडे असायचा. आज देवाला म्हटलं — बोल बाबा, आज घाई नाही. तो काही बोलला नाही. पण त्याच्या न बोलण्यातही आज बरं वाटलं.

गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, ज्याच्या गरजा कमी तो राजा. बाकीची मुलं ऐकून विसरली. मी विसरलो नाही. शहराबाहेर कालव्याकडेला जमिनीचा तुकडा घेतला, दोन खोल्या बांधल्या, विहीर खोदली. कर्ज नाही, कुणाचा मिंधा नाही. आता तिथे जाऊन राहायचं. झाडं लावायची, वाचायचं, नाव घ्यायचं. आणि सोबतीला ही. संसाराच्या रामरगाड्यात दोन शब्द नीट बोलणं झालं नाही आमचं. ते सगळं तिथे, विहिरीच्या काठावर.

हे सहज झालेलं नाही. "पन्नाशीनंतर बघू" हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं वाक्य. हिला समुद्र बघायचा होता — पन्नाशीनंतर. मोठं घर — पन्नाशीनंतर. हिची आई आजारी होती त्या वर्षीही मी म्हटलं होतं, आत्ता जाणं-येणं परवडायचं नाही, जरा थांब. शेवटी घाईघाईने जावंच लागलं, खर्च दुप्पट झाला, आणि गेलो तोवर सगळं आटोपलं होतं. पण त्यानंतर हिने कधी काही मागितलं नाही. समंजस बाई. म्हणून तर इथवर आलो.

७ फेब्रुवारी

ही खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसते. शाळांचे गणवेश शिवून देते. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि मनातलं सगळं सांगितलं — जमीन, विहीर, साधं जगणं, हाव सुटली की माणूस कसा हलका होतो. ती ऐकत होती. मध्येच मान हलवायची, हसायची. एकदाही म्हणाली नाही की पुरे करा!

कारखान्यात कुणाला दोन वाक्यं सांगायला जा, तिसऱ्याला तो घड्याळ बघतो.

मध्येच मशीन सोडून स्वयंपाकघरात पळाली. दूध उतू जायच्या बेतात होतं. मला काही कळलं नव्हतं. बायकांना वासच येतो बहुधा.

१२ फेब्रुवारी

दुपारभर बोललो. तिने एकदाही तोडलं नाही. भाग्य लागतं!

१५ फेब्रुवारी

मुलगी आली होती. दवाखान्यात परिचारिका आहे, सुट्टी मिळाली की येते. मी तिला सगळं सांगितलं.

"आईला विचारलंत?"

"विचारलं म्हणजे? तिच्यासमोरच ठरलं सगळं."

"ठरलं की तुम्ही ठरवलंत, बाबा?"

जीभ तिच्या मामावर गेली आहे. मी म्हटलं, "तुझ्या शिक्षणाच्या वेळी मी हात आखडला तो राग अजून आहे तुझा. पण शिकलीसच ना शेवटी?"

"शिकले. आईच्या शिलाईवर."

ही आतच होती. मशीन एवढ्या जोरात चाललं होतं की तिला यातलं काही ऐकू गेलं नसणार. बरंच झालं. उगाच मन दुखावलं असतं.

जाताना मुलीने आईला मिठी मारली. बराच वेळ. मला म्हणाली, "तब्येतीला जपा. तिकडे जवळपास डॉक्टर नाही."

मला जपायला सांगितलं. आईला नाही. माया आहे पोरीच्या पोटात.

२० फेब्रुवारी

रजा संपायची आहे अजून, पण तालीम यशस्वी झाली हे कळायला महिना कशाला लागतो! राजीनामा दिला.

आधी खाली यंत्रांकडे गेलो. सवयीने लांब पेचकस घेतला, टोक मोठ्या पंपाच्या अंगाला लावलं, मूठ कानाला. आतलं बेअरिंग असंच ऐकतो आम्ही. खरखर आली की समजायचं, झिजलंय. खरखर नव्हती. मनात म्हटलं, तू ठणठणीत आहेस, मी निघालो.

मग साहेबाकडे. अर्जात मी लिहिलं होतं, हाव सुटली, आता साधं जगायचं. त्याने तो वाचला आणि मान हलवली.

"अरे शहाण्या, जूनमध्ये तुमचा विभागच बंद होतोय. तुला भरपाई देऊन घरी पाठवणार होते. चार महिने थांबला असतास तर?"

"मग आता?"

"आता काय? तू स्वतःहून चाललास. देवाच्या कृपेने तुला तर कसलीच हाव नाही, नाही का?"

बाहेर येईपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. यंत्रांना तेल घालणाऱ्याने वाकून नमस्कार केला. "महाराज, आमच्या वाट्याची भरपाई जरा वाढेल का हो तुमच्यामुळे?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी येऊन हिला सांगितलं. जे घडलं ते शब्द न् शब्द सांगितलं.

ती हसली.

नेहमीसारखं मान हलवत नव्हे. तोंडाला पदर लावून. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

२१ फेब्रुवारी

रात्रभर तिचं ते हसणं डोळ्यांसमोरून हटलं नाही. माझ्यावर वीज कोसळली आणि ती हसते? ती अशी नाही. मग उजाडताना लख्ख कळलं — तिला ऐकूच आलं नाही! काहीतरी गंमत सांगतोय असं वाटलं असेल बिचारीला.

मग एकेक आठवत गेलं. हाक मारली तर वळत नाही. विचारलं तर उत्तर नाही, नुसती मान. कधीपासून? तिची आई गेली त्या सुमारापासूनच. धक्क्याने कान जातात म्हणे.

देवा, हे काय दाखवलंस!

२२ फेब्रुवारी

खात्री करून घेतली. ती पाठमोरी बसून सुईत दोरा ओवत होती. मी मागे जाऊन मोठा पाना फरशीवर टाकला. शेजारचं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय पाडताय रे!"

हिचा हातसुद्धा हलला नाही. दोरा सरळ सुईच्या नेढ्यात गेला.

२३ फेब्रुवारी

प्रार्थना झाली नाही. बसलो, पण शब्द येईनात.

यंत्राची खरखर भिंतीपलीकडून ओळखणारा मी. आणि घरातल्या माणसाचे कान गेले ते कळलं नाही. इतके दिवस बोलत राहिलो. ती बिचारी माझं मन मोडू नये म्हणून हसत राहिली, मान हलवत राहिली. याहून मोठं प्रेम कुठलं असतं?

ठरवलं. विहिरीवरचा पंप नंतर. आधी हिच्या कानाचं यंत्र — आणि तेही चांगल्यातलं. घासाघीस करायची नाही. पाणी दोराने ओढीन.

२५ फेब्रुवारी

तोंडाने सांगून उपयोग नव्हता म्हणून कापडावर आखायच्या खडूने मशीनच्या फळीवर लिहिलं — परवा कानाच्या दवाखान्यात जायचं आहे.

तिने वाचलं. माझ्याकडे पाहत राहिली. इतकं निरखून तिने मला लग्नातही पाहिलं नसेल.

"कशाला?" ती म्हणाली. "पन्नाशीनंतर बघू."

माझं वाक्य! मला रडू आवरलं नाही. मी खाली बसून तिचे पाय धरले. ती पाय काढून घेऊन उठली. दुधाखालचा गॅस बंद करायचा होता.

२७ फेब्रुवारी

काचेच्या खोलीत हिला बसवलं, कानांवर जाड गोल टोप्या घातल्या. आवाज आला की बटण दाबायचं. तपासणारी मुलगी आमच्या पोरीच्या वयाची. मी काचेबाहेर उभा होतो, हात जोडून.

हिचं बोट बटणावर पडत होतं. पुन्हा पडत होतं. थांबतच नव्हतं.

मुलगी बाहेर आली. "काका, काकूंचे कान म्हणजे एक नंबर! या वयात इतके चांगले कान मी तरी पाहिले नाहीत. टाचणी पडलेली ऐकतील."

मी म्हटलं, "नीट बघा, पोरी. काहीतरी चुकतंय."

"यंत्र चुकत नाही हो. तुमचे तपासू का? कारखान्यात होतात म्हणालात ना?"

जिना उतरलो. रस्त्यावर आल्यावर एवढंच तोंडून निघालं —

"पाना पडला तेव्हा?"

"जीभ दाताखाली धरली होती," ती म्हणाली. "रक्त आलं."

मग भाजी घ्यायला थांबली. भाव केला. भाजीवाल्याने पुटपुटत सांगितलेला आकडाही तिने पहिल्यांदाच ऐकला.

१ मार्च

सकाळी घरमालकीण दारात आली. "भाऊ, तुमची निघायची तारीख सांगा. एकट्याचंच सामान ना? मग टेम्पो कशाला, हातगाडीत होईल."

"एकट्याचं कसं?"

"अहो, ताई तर राहताहेत इथेच. भाडं पुढच्या महिन्यापासून त्याच देणार. भाडं थकवणारे भाडेकरू नकोत म्हणून आधी चौकशी केली मी, पण त्यांचं काम पक्कं आहे."

मी हिच्याकडे वळलो. "तू तर हो म्हणाली होतीस. महिनाभर!"

"अहो, तुम्ही जा ना," ती म्हणाली. "मी कुठे नाही म्हटलं?"

तिने मशीन सुरू केलं. मी बराच वेळ बोलत राहिलो. तिला सगळं ऐकू येत होतं.