हिरव्या पानांखालचा लाल डाग

कोरेगाव, मंगळवार संध्याकाळ

डोकं ठणकतंय, तरी लिहिते. आमच्या बचत गटानं घेतलेला तो स्वस्तातला कॅमेरा डोळ्याला न दिसणारा उजेड टिपतो, म्हणून पीक हिरवंगार असतानाच रोग दाखवतो. काल आमच्याच आल्याच्या रानात त्यानं भला मोठा लाल डाग दाखवला. म्हणजे खाली कंद कुजायला लागलाय. मामंजींना सांगितलं, तर म्हणाले, "पानं हिरवी हायती तवर बेणं म्हणून इकून टाकू."

आणि आज शेजारच्या फौजीभावजींशी लावणीच्या बेण्याचा सौदा झालासुद्धा! ते नुकतेच पेन्शनवर आलेत, पहिल्यांदाच आलं लावणार आहेत. चहा पिताना मला म्हणाले, "वैनी, तुमच्या घरात कॅमेरा हाय, म्हंजी बेण्याची काळजीच न्हाई." मामंजी नुसते हसले. कशाला शिकले मी हे यंत्र? रोग आधी कळावा म्हणून, की आधी विकता यावं म्हणून?

राहवेना. लाल डागाचा फोटो भावजींना पाठवला, खाली कंद कुजतोय असं लिहून. घरात काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं.

आत्ता त्यांचा फोन आला. "बरं झालं वैनी, सांगितलंसा. आता कुणाला बोलू नगा. पानं हिरवी हायती तवर मी बी म्होरं इकतो."