बाबांनी सांगितलेले अर्थ

बाबा, पाळणा आला, भाड्याने, तीनशे रुपये. घुगऱ्यांचे हरभरे कमानिया गेटच्या बाजारातून आणले, दोन किलो, एकशे ऐंशी. कुंची माझ्या जुन्या रेशमी साडीतून घरीच शिवली, दोऱ्याचा काय तो खर्च. गुरुवारी नातीचं बारसं आहे. सगळं आलं, एक तुमच्याकडचं राहिलं आहे, म्हणून लिहायला बसले.

मागच्या आठवड्यात कांचघर मोहल्ल्यातली माझी शाळेतली मैत्रीण बाळ बघायला आली आणि दारातूनच मला माहेरच्या नावाने ओरडली. सून हिंदी घरातली, ती चपापली. "मम्मीजी, ये किसको बुला रही हैं?" मैत्रीण हसत सुटली. "काय बाई, सुनेला सासूचं नाव ठाऊक नाही!" सुनेने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, मग फोनमध्ये शोधलं. कुठेच निघालं नाही, आणि तेच तिला आवडलं. आता मुलीला हेच ठेवायचं म्हणते. पाळण्यामागे लावायचा एक बॅनर असतो, त्यावर नावाखाली अर्थ छापतात म्हणे. "मतलब तो आप ही बताओगी ना, मम्मीजी?"

मी काय सांगू? तुम्ही मला दर वेळी वेगळा अर्थ सांगितलात. अंधारात नळावर जायला भ्याले, तर म्हणालात, "अगं, तुझ्या नावाचा अर्थच अंधाराला न भिणारी." ताटात भाजी टाकली त्या दिवशी अर्थ निघाला, पान स्वच्छ करणारी. गणितात नापास झाले तेव्हा मी चुलीपाशी तोंड लपवून बसलेली, तुम्ही फॅक्टरीतून येऊन हात धुता आहात आणि म्हणता, "काहून रडून राहिली? जिला हिशेब जमतो, असं नाव आहे तुझं. मीच ठेवलंय, मला नाही ठाऊक?" आई म्हणायची, पोरीला उगाच काहीही सांगता. मी तिन्ही खरे मानले. आजही घरखर्चाची बेरीज माझी चुकत नाही.

मग लग्नाचा दिवस. ताटात तांदूळ पसरलेले, नवं नाव लिहायला यांच्या हातात अंगठी. सासूबाईंनी तुम्हाला विचारलं, "व्याही, हे कसलं हो नाव? अर्थ तरी काय त्याचा?" मी मान खाली घालून ऐकते आहे, की आता तुम्ही चौथा अर्थ काढाल. तुम्ही उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसत राहिलात. "आमच्याकडे देवीचं नाव ठेवतात," त्या म्हणाल्या, आणि तांदळात देवीचं नाव उमटलं. त्या देवीची पूजा मी मनापासून करते, तिच्यावर राग नाही. पण पुढे माहेरी आले, तर तुम्हीही मला नव्याच नावाने हाक मारलीत.

थकले आहे बाबा. बाळंतिणीचा शेक, पाहुण्यांच्या गाद्या, गुडघे तर जिना पाहूनच दुखतात. त्यात सून सारखी येऊन अर्थ विचारते. आज सकाळी मी पूजेला बसले होते. निरांजन लावता लावता तोंडातून निघालं, "लिही, आपलं नाव न सोडणारी."

"इतने छोटे नाम का इतना लंबा मतलब?"

"जुनं नाव आहे," मी म्हटलं.

देवापुढे खोटं बोलले असं वाटलं नाही. तुमच्यावर गेले, एवढंच वाटलं.

काल सुनेने पाळण्यावर वाकून त्या नावाने हाक मारून पाहिली, आणि ओट्यापाशी मीच "ओ" दिली. त्या गडबडीत दूध उतू गेलं. ते काही मी हिशेबात लिहिलं नाही.

हे टाकायला पत्ता नाही, पोथीत ठेवते. तरी उलट टपाली कळवा. अर्थ राहू द्या, तो छापायला गेला. त्या दिवशी गप्प काहून बसलात, तेवढंच लिहा.