दिवस मावळल्यावरचा गूळ

ती. आत्याबाईंना,

हे पत्र मी धाडणार नाही. गडहिंग्लजला ते तुम्हाला धाकट्या जाऊबाई वाचून दाखवतील, आणि माझ्या पोरीची तिथं पुन्हा चर्चा होईल.

अपूर्वाचं इन्सुलिन सुरू झालं आणि तिला अवेळी खायला द्यावं लागायला लागलं. "जैनाच्या घरात दिवस मावळल्यावर ताट वाढत्यात, तिथं मी राहणार न्हाय," म्हणून तुम्ही धाकट्या लेकाकडं निघून गेलात.

काल दिवेलागणीनंतर तिची शुगर एकदम उतरली. हात थरथरायला लागले. हे कामावर, घरात आम्ही दोघीच. गुळाचा खडा पुढं केला तर तिनं तोंड घट्ट मिटलं. म्हणाली, "मी रात्री खाल्लं म्हणून आज्जी गेली. न्हाय खाल्लं तर येईल की."

मग मी त्यातला तुकडा मोडून आधी माझ्याच तोंडात टाकला. जन्मात पहिल्यांदा रात्रीचं खाल्लं, आत्याबाई. ते बघून तिनं तोंड उघडलं.

जरा हुशारी आल्यावर दूध-भाकरी खाताना तिनं हळूच विचारलं, "आई, आता तू पण जाणार?"

तुमच्याच घरात असलेली,
त्रिशला