जिभेचं झालं जांभूळ

३ फेब्रुवारी

जीभ चावली! पाण्यात आंबवलेला पखाळ-भात खाताना. सोबत डाळीची कुरकुरीत बडी, तोंडात शेजारच्या कुंतलाच्या भांडणाची गोष्ट — आणि कच्चकन्! एवढंसं तर चावलं, पण रक्त थांबेना नि जीभ फुगतच चालली. हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेते ना, त्यांचा प्रताप! आरशात बघते तर तोंडात भलंमोठं जांभूळ. नात सुलग्ना किंचाळली, "जेजेमा, तुझं तोंड मिटत नाहीये!"

मुलगा म्हणाला, "कधी मिटलं होतं?"

मेला!

४ फेब्रुवारी

दवाखान्यात ठेवलं. सूज मागे सरकली तर श्वास अडेल म्हणे. गोळी तूर्त बंद. बर्फ. "आजी, अजिबात बोलायचं नाही." मुलगा डॉक्टरला म्हणतो, "हे औषध कायमचं लिहून द्या ना!"

माझा जीव मात्र सोळा तारखेत अडकलाय. सुलग्नाचं लग्न! वरात दारात आली की बायका जीभ हलवून 'उलुलुलु' करतात, त्यातली पहिली हुळहुळी माझी. माझ्यासारखी जीभ लवलवणारी अख्ख्या गल्लीत नाही. आता नवरदेवाकडच्या बायकांनी आमच्याच दारात आम्हाला हरवलं तर?

६ फेब्रुवारी

घरी आले. गार पेज. बोलता येत नाही म्हणून इथे लिहीत बसते. दुसरीपर्यंतची शाळा, पण भागतंय. ह्यांना खुणेनं चहा मागितला, ह्यांनी चष्मा आणून दिला.

९ फेब्रुवारी

मागच्या अंगणात कुणीतरी दबक्या आवाजात हुळहुळी देत होतं. जाऊन बघते तर आमची सून संजुक्ता — बादलीत तोंड घालून! काय तो आवाज गं बाई! लांब, गोल, कुठे तुटणं नाही. इतकी वर्षं घरात आहे, मला पत्ता नाही. कसा असणार? माझंच चालू!

मला बघून ओशाळली. "चुकून झालं, आई."

चुकून? एवढी लांब?

१३ फेब्रुवारी

हुळहुळी कोण देणार? कुंतला पदर खोचून तयार, "मी देते की!" मी जोरजोरात मान हलवली. सुनेकडे बोट केलं. ती म्हणे, "छे! लोक हसतील."

मी पाटीवर लिहून दाखवलं — बादली देऊ का?

१६ फेब्रुवारी

वरात आली! संजुक्ताच्या हातात ओवाळायचं ताट, नजर माझ्याकडे. समोरच्या बायका जिभा परजून उभ्या. मी हळूच तिच्या पाठीला चिमटा काढला — आणि निघाली हुळहुळी! बँडवाला वाजवायचा थांबला. समोरच्यांच्या जिभा तोंडातच. आतून नवरी ओरडली, "ही आई आहे?"

मी नुसती नाचले.

१७ फेब्रुवारी

संजुक्ता पाया पडून म्हणाली, "आई, तुमची जीभ बरी असती तर मला कुठली संधी!" मी बिचारा चेहरा केला.

अकरा तारखेलाच बरी झाली होती. न्हाणीघरात लवलवून बघितली — झकास चालली!